पोप बोलले म्हणजे अचूकच का? ख्रिस्तसभेच्या शिकवणीचं वजन कसं ओळखायचं

पाटी_पेन्सिल

नमस्कार मंडळी. दहावीच्या पुढच्या मुलांच्या धर्मशिक्षणवर्गासाठी ‘ख्रिस्तसभेचा शिकवण्याचा अधिकार’, म्हणजे मॅजिस्टेरियम, हा पाठ तयार करायचा आहे. वेळ फार तर दीड तास. मुलं मोबाइलवर वाचून येतात आणि प्रश्न नेमके विचारतात. सर्वांत जास्त ऐकू येणारं वाक्य असं: “पोप आजवर दोनदाच अचूक बोलले, बाकी सगळं त्यांचं मत. पटलं तर घ्या.” दुसऱ्या टोकाला घरची मोठी माणसं. त्यांच्या लेखी पोपमहोदय विमानात पत्रकारांशी बोलले तरी ती देवाची वाणी.

मला हवंय ते असं. शिकवणीचे स्तर नेमके किती आणि प्रत्येक स्तराला श्रद्धावंतानं काय द्यायचं? एन्सायक्लिकल, मोतू प्रोप्रियो, डिक्लरेशन, नोटिफिकेशन अशी नावं दिसतात, त्यावरून वजन कळतं का? आणि मराठीत शब्द कोणते वापरावेत? ‘अचूक’ म्हटलं की मुलांना गणिताचं उत्तर आठवतं.

कॅनन_७४९

मुलांच्या वाक्याचा पहिला अर्धा भाग अर्धवट बरोबर आहे, दुसरा साफ चूक. ‘अचूक नाही’ आणि ‘ऐच्छिक आहे’ यांच्यामध्ये भलीमोठी जागा आहे. ख्रिस्तसभेची रोजची बहुतेक शिकवण त्याच जागेत असते.

आधी ‘दोनदा’चा हिशेब. लोक १८५४ (पोप पायस नववे, मरियेचा अमलोद्भव, म्हणजे ती मूळ पापाच्या डागाविना गर्भात आली) आणि १९५० (पोप पायस बारावे, मरियेचं स्वर्गोन्नयन) ही दोन वर्षं मोजतात. पण पोपच्या अचूकतेची व्याख्या झाली १८ जुलै १८७० ला, पहिल्या व्हॅटिकन परिषदेत. म्हणजे त्या व्याख्येनंतरची घोषणा एकच, १ नोव्हेंबर १९५० ची. उलट मागे जाऊन मोजायचं तर पोप बेनेडिक्ट बारावे यांची १३३६ ची ‘बेनेदिक्तुस देउस’ अनेक धर्मपंडित त्यात धरतात. ‘दोन’ हा आकडा कुठल्याही अधिकृत यादीत नाही, तशी यादीच नाही.

महत्त्वाचं असं की हा हिशेब एकाच दाराचा आहे. अचूक शिकवण तीन दारांनी येते: पोप एकट्यानं एक्स कॅथेड्रा, म्हणजे गुरुपीठावरून, बोलतात तेव्हा, वैश्विक परिषद व्याख्या करून ठरवते तेव्हा (नायसिया ३२५, कॅल्सेडन ४५१, ट्रेंट १५४५ ते १५६३), आणि जगभर विखुरलेले बिशप पोपशी एकजीव राहून एखादी गोष्ट ‘ही कायमची धरायची’ अशी एकमुखानं शिकवत आले असतील तेव्हा. तिसऱ्या दाराला घोषणा नसते, समारंभ नसतो, तारीख नसते. म्हणून इंटरनेटवरच्या यादीत ते कधी सापडत नाही. निरपराध माणसाला जाणूनबुजून ठार मारणं हे नेहमीच घोर पाप, हे कुठल्या पोपनं एक्स कॅथेड्रा जाहीर केलेलं नाही. ‘एव्हांजेलियुम व्हिते’ या एन्सायक्लिकलमध्ये (२५ मार्च १९९५) पोप जॉन पॉल दुसरे यांनी ते याच तिसऱ्या दाराकडे बोट दाखवून सांगितलं.

एक्स कॅथेड्राच्या अटी मुलांना पाठ करायला लावा, चारच आहेत. पोप सर्व ख्रिस्ती लोकांचे मेंढपाळ आणि गुरू या नात्यानं बोलत असले पाहिजेत. प्रेषितीय अधिकार पूर्णपणे वापरत असले पाहिजेत. विषय श्रद्धेचा किंवा नीतीचा असला पाहिजे. आणि संपूर्ण ख्रिस्तसभेनं धरावी अशी शिकवण ते निर्णायकपणे ठरवत असले पाहिजेत. एक जरी अट गळाली तरी एक्स कॅथेड्रा नाही. हवामान, निवडणूक, फुटबॉल, व्हॅटिकनच्या बँकेचा हिशेब यांत पोप तुमच्या-आमच्याइतकेच चुकू शकतात.

पहिल्या व्हॅटिकन परिषदेत अचूकतेच्या व्याख्येवर ५३३ विरुद्ध २ असं मतदान झालं, हा आकडा सगळे देतात. तो एकटा देऊ नका. १३ जुलैच्या चाचणी मतदानात ८८ जणांनी ‘नाही’ आणि ६२ जणांनी ‘दुरुस्ती केली तर हो’ म्हटलं होतं. नाराजांपैकी बरेच जण अंतिम मतदानाआधीच रोम सोडून गेले. सप्टेंबरात इटलीच्या फौजा रोममध्ये शिरल्या, ऑक्टोबरात परिषद तहकूब झाली, आणि बिशपांच्या अधिकाराचा भाग लिहायचाच राहिला. तो दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या ‘लुमेन जेन्सियुम’ या दस्तऐवजात आला, १९६४ साली. पोपचा अधिकार ठळक आणि बिशपांचा पुसट असं चित्र मधली ९४ वर्षं लोकांच्या डोक्यात राहिलं, त्यामागे हा अर्धवट राहिलेला कागदही आहे.

आता स्तर. १९८९ च्या श्रद्धाप्रकटनाच्या मसुद्यात पंथसारानंतर (मिस्सात म्हणतात त्या श्रद्धाविधानानंतर) तीन परिच्छेद जोडले गेले. तुमचे तीन स्तर तेच.

पहिला: देवानं प्रकट केलेलं आणि ख्रिस्तसभेनं तसं म्हणून पुढे ठेवलेलं. ख्रिस्ताचं देवत्व आणि मनुष्यत्व, प्रभूभोजनातली ख्रिस्ताची खरी उपस्थिती, अमलोद्भव, स्वर्गोन्नयन. इथे द्यायची ती श्रद्धेची संमती. कॅनन (ख्रिस्तसभेच्या कायद्याचं कलम) ७५०, परिच्छेद १. बाप्तिस्मा झालेल्या माणसानं हे हट्टानं नाकारलं तर त्याला पाखंड म्हणतात (कॅनन ७५१).

दुसरा: थेट प्रकटीकरणात नसेल, पण ते राखायला लागतंच, म्हणून कायमचं धरायचं. हे कॅनन ७५० च्या परिच्छेद २ मध्ये १९९८ साली ‘आद तुएन्दाम फिदेम’ या पोप जॉन पॉल दुसरे यांच्या हुकुमानं घातलं. सोबतच्या भाष्यात उदाहरणं दिली होती: याजकदीक्षा फक्त पुरुषांना, दयामरण निषिद्ध, अँग्लिकन दीक्षा ग्राह्य नाहीत हा १८९६ चा निर्णय, आणि संतपदाची घोषणा. शेवटचं उदाहरण वसईकर मुलांना लगेच कळेल. संत गोन्सालो गार्सिया स्वर्गात आहेत हे शुभवर्तमानात लिहिलेलं नाही, कारण ते हुतात्मा झाले १५९७ मध्ये आणि संत म्हणून जाहीर झाले १८६२ मध्ये. तरी त्यांचं संतपद हे ‘कुणाचं मत’ नाही.

तिसरा: पोप किंवा बिशपमंडळ अधिकृतपणे शिकवतात, पण निर्णायक शिक्का मारत नाहीत. कॅनन ७५२. इथे श्रद्धेची संमती मागितलेली नाही. बुद्धी आणि इच्छा यांचा धार्मिक आदर मागितला आहे. बहुतेक एन्सायक्लिकल इथे बसतात.

गफलत होते ती दोनच जागी. एक, तिसऱ्या स्तराला ‘फक्त मत’ समजणं. दोन, सगळं उचलून पहिल्या स्तरावर नेऊन ठेवणं. दुसऱ्या चुकीवर कॅनन ७४९ च्या परिच्छेद ३ मध्ये चक्क कुलूप आहे: अचूकपणे ठरवलं गेलंय हे उघड सिद्ध झाल्याशिवाय कुठलीही शिकवण अचूक धरायची नाही. सिद्ध करण्याचा भार ‘अचूक आहे’ म्हणणाऱ्यावर.

जुनी_पोथी

वरचं सगळं बरोबर. मी फक्त कागद हातात आल्यावर काय बघायचं तेवढं सांगतो.

नावावरून वजन कळत नाही. ‘अपोस्टोलिक कॉन्स्टिट्यूशन’ हेच नाव १९५० च्या स्वर्गोन्नयनाच्या घोषणेला होतं आणि तेच नाव २०२२ च्या ‘प्रेदिकाते एव्हांजेलियुम’ला आहे, जिच्यात रोमच्या कार्यालयांची फेररचना आहे. एक श्रद्धेचा कळस, दुसरी कचेरीची व्यवस्था. मोतू प्रोप्रियो म्हणजे पोपनं स्वतःहून काढलेला हुकूम, बहुतेक वेळा कायद्याचा. एन्सायक्लिकल हे शिकवणीचं पत्र. वजनदार, पण आपोआप अचूक नाही.

‘लुमेन जेन्सियुम’च्या २५ व्या परिच्छेदात तीन खुणा सांगितल्या आहेत: कागदाचा प्रकार, तीच शिकवण किती वेळा सांगितली, आणि सांगण्याची भाषा. तिसरी खूण सर्वांत उपयोगी. १९५० च्या कागदात शेवटी येतं, “प्रोनुन्तियामुस, देक्लारामुस एत देफिनिमुस”: आम्ही उच्चारतो, जाहीर करतो आणि निर्णायकपणे ठरवतो, की ही देवानं प्रकट केलेली श्रद्धाशिकवण आहे. अशी क्रियापदं दिसली की पहिला स्तर. याजकदीक्षा फक्त पुरुषांना, असं सांगणाऱ्या पोपच्या १९९४ च्या ‘ओर्दिनातियो साचेर्दोतालिस’ या पत्रात ‘देफिनिमुस’ नाही. तिथे म्हटलंय की हा निर्णय सर्व श्रद्धावंतांनी निश्चितपणे धरावा. म्हणून तो दुसऱ्या स्तरात. १९९५ साली रोमनं खुलासा केला की ही शिकवण जगभरच्या बिशपांच्या सामान्य शिकवणीनं आधीच अचूकपणे मांडलेली आहे. म्हणजे पोपचं ते पत्र स्वतः एक्स कॅथेड्रा नाही. आधीपासून अचूक असलेल्या गोष्टीवर त्यांनी साक्ष दिली. परीक्षेत विचारण्यासारखा बारकावा आहे, आणि शिकवणारेसुद्धा इथे घसरतात.

मग सही बघा. श्रद्धाशिकवण कार्यालयाचे कागद (पूर्वी कॉन्ग्रिगेशन, २०२२ पासून डिकॅस्टरी) पोपच्या मंजुरीनं निघतात, पण मंजुरीच्या पायऱ्या असतात. पोपनं व्यक्त मंजुरी दिली असेल तर कागद सामान्य शिकवणीत सामील होतो, तरी तो त्या कार्यालयाचाच राहतो. ख्रिस्त हाच एकमेव तारणारा, असं सांगणाऱ्या ‘दोमिनुस येसुस’ या डिक्लरेशनला (६ ऑगस्ट २०००) पोप जॉन पॉल दुसरे यांनी ‘पूर्ण जाणीवेनं आणि प्रेषितीय अधिकारानं’ मंजुरी दिली असे खास शब्द आहेत. नेहमीच्या नोटिफिकेशनवर इतकी जड भाषा नसते.

नोटिफिकेशन वाचताना विशेषण बघा. आपल्याकडची दोन उदाहरणं. फादर अँथनी डिमेलो, मुंबईचे येशूसंघी, लोणावळ्याच्या साधना संस्थेमुळे सगळ्यांना माहीत. ते वारले १९८७ मध्ये, नोटिफिकेशन निघालं २४ जून १९९८ ला. त्यात त्यांच्या काही भूमिका कॅथलिक श्रद्धेशी ‘विसंगत’ ठरवल्या. फादर जाक ड्युपुई अनेक वर्षं भारतात शिकवत होते. त्यांच्या पुस्तकाबद्दलच्या २००१ च्या नोटिफिकेशनमध्ये ‘संदिग्धता’ असा शब्द आहे, ज्यामुळे वाचकाची चुकीची समजूत होऊ शकते. विसंगत आणि संदिग्ध यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे, पण बातमीत दोन्हीचं ‘व्हॅटिकनची बंदी’ एवढंच झालं. यातलं काहीही त्या माणसाच्या पवित्रतेवरचा निकाल नव्हे.

शेवटी कागद कुठे छापला ते. रोमचं अधिकृत पत्रक म्हणजे ‘आक्ता आपोस्तोलिचे सेदिस’. वैश्विक कायदे तिथे छापल्यावर साधारणपणे तीन महिन्यांनी लागू होतात, वेगळी तारीख दिली नसेल तर. शिकवणीच्या बाबतीतही त्याला अर्थ असतो. ‘आमोरिस लेतित्सिया’ या कुटुंबजीवनावरच्या आपल्या दस्तऐवजाच्या अर्थाबद्दल ब्युनोस आयर्स भागातल्या बिशपांना पोप फ्रान्सिस यांनी लिहिलेलं पत्र आधी खासगी होतं. २०१७ मध्ये त्यांच्या आदेशानं ते ‘अधिकृत शिकवण’ म्हणून तिथे छापण्याचं ठरलं, आणि त्याची जात बदलली.

विमानातली पत्रकार परिषद, मुलाखत, रोजचं छोटं प्रवचन यांत नवी शिकवण ठरत नाही. बुधवारच्या सभेतली भाषणं मात्र एकदम सोडून देऊ नका. पोप जॉन पॉल दुसरे यांची मानवी देहावरची शिकवण अशाच १२९ बुधवारांतून आली. उलट पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००७ साली येशूवरच्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत स्वतःच लिहिलं, की हे मॅजिस्टेरियम नाही, माझं म्हणणं खोडायला प्रत्येक जण मोकळा आहे. पोपपदावर बसून लिहिलं म्हणून पोपपदाचं होत नाही, याला यापेक्षा चांगला दाखला नाही.

पाटी_पेन्सिल

दोघांचे आभार. मग देहदंडाचं काय? धर्मशिक्षणग्रंथाचा परिच्छेद २२६७ पोप फ्रान्सिस यांनी २०१८ साली बदलला. वर्गातलं कुणी तरी म्हणणारच, “काल बरोबर होतं ते आज चूक, मग उद्या बाकीचंही बदलेल.” आणि पूर्वी एखाद्या पोपनं चुकीचं शिकवलंय का, हाही प्रश्न येतो.

उलटतपासणी

इथे सोपं उत्तर देऊ नका, मुलं पकडतील.

आधी काय बदललं ते शब्दशः बघा. १९९७ च्या लॅटिन आवृत्तीत तत्त्वतः मुभा होती, पण ज्यात देहदंड अटळ ठरेल अशी प्रकरणं फार दुर्मिळ, जवळजवळ नाहीतच, असं म्हटलं होतं. २ ऑगस्ट २०१८ ला जाहीर झालेल्या मजकुरात तो ‘स्वीकारता येत नाही’ असं आहे, कारण माणसाची प्रतिष्ठा. ‘स्वभावतःच पाप’ हे नीतिशास्त्रातले ठरलेले शब्द तिथे वापरलेले नाहीत. ते निवडलेले नाहीत हे लक्षात ठेवा.

सोबत बिशपांना गेलेल्या पत्रात रोमनं म्हटलं की हा शिकवणीचा विकास आहे, विरोध नाही. अडचण अशी की मागचा इतिहास लपवता येत नाही. १५६६ चा रोमन धर्मशिक्षणग्रंथ राज्यकर्त्यांचा देहदंडाचा अधिकार मान्य करतो. खुद्द व्हॅटिकन राज्याच्या कायद्यात १९२९ ते १९६९ देहदंडाची तरतूद होती. त्यामुळे धर्मपंडितांत वाद चालू आहे: काहींच्या मते तुरुंग सुधारले, समाज बदलला, म्हणून जुन्या तत्त्वाचं नवं उपयोजन झालं, काहींच्या मते शब्द त्याहून पुढे जातात. तो वाद वर्गात मिटवायचा नाही.

स्तराचा प्रश्न मात्र स्वच्छ आहे. २२६७ हा तिसऱ्या स्तराचा. पोपनं मंजूर केलेली अधिकृत शिकवण, निर्णायक व्याख्या नाही. धर्मशिक्षणग्रंथात छापलं म्हणून वजन वाढत नाही आणि घटतही नाही. त्यातल्या प्रत्येक शिकवणीला तिचं मुळातलं जे वजन, तेच राहतं. एकाच पानावर पहिल्या आणि तिसऱ्या स्तराची वाक्यं शेजारी-शेजारी बसलेली असतात. ‘उद्या बाकीचंही बदलेल’ याला उत्तर इथेच आहे: तिसऱ्या स्तरातलं काही बदललं म्हणून पहिला स्तर हलत नाही.

चुकलेले पोप? आहेत. पोप होनोरियुस यांनी ख्रिस्ताच्या इच्छाशक्ती एक की दोन या वादात कॉन्स्टँटिनोपलच्या सर्जियुसला जी पत्रं लिहिली, त्यांवरून कॉन्स्टँटिनोपलच्या तिसऱ्या परिषदेनं (६८०–६८१) त्यांच्या मृत्यूनंतर त्यांचा निषेध केला. पोप जॉन बावीसावे यांनी १३३१ पासून आव्हीन्योंच्या प्रवचनांत सांगितलं, की नीतिमान आत्म्यांना देवाचं पूर्ण दर्शन अंतिम न्यायापर्यंत होत नाही. धर्मपंडितांनी उघड विरोध केला, आणि पोपनी डिसेंबर १३३४ मध्ये मृत्युशय्येवर ते मागे घेतलं. १३३६ ची ‘बेनेदिक्तुस देउस’ निघाली ती हाच प्रश्न कायमचा मिटवायला. वर कॅनन_७४९ यांनी तिचं फक्त वर्ष दिलं, मागची ही गोष्ट सांगा. एकाच विषयावर एका पोपची प्रवचनं चुकतात आणि पुढच्या पोपची व्याख्या टिकते: एक्स कॅथेड्रा आणि साधं बोलणं यांतला फरक यापेक्षा नीट कुठे दिसत नाही. पहिल्या व्हॅटिकन परिषदेतही विरोधकांनी होनोरियुसचं प्रकरण पुढे केलं होतं, आणि म्हणूनच अटींची भाषा इतकी घट्ट झाली.

एक आक्षेप मात्र आहे. कॅनन_७४९ यांनी तिसऱ्या स्तरावर ‘आदर’ एवढंच लिहिलं. तिथे प्रामाणिक अडचण आली तर काय, हे मुलं विचारणारच.

कॅनन_७४९

रास्त आहे. ‘दोनुम व्हेरितातिस’ (२४ मे १९९०) हा कागद मुख्यतः धर्मपंडितांसाठी आहे, पण त्यातली वाट साध्या श्रद्धावंतालाही चालते. आधी गृहीत धरायचं की शिकवण बरोबर आहे आणि आपल्याला कळलेली नाही. मूळ मजकूर वाचायचा, बातमी नव्हे. कारणं तपासायची. तरीही पटलं नाही तर अडचण संबंधित अधिकाऱ्याकडे मांडायची, वर्तमानपत्रांतून दबाव आणायचा नाही. मनातली अडचण आणि जाहीर मोहीम यांत तो कागद स्पष्ट भेद करतो. काळाच्या ओघातल्या सावध निर्णयांत उणिवा असू शकतात हेही त्यात कबूल केलंय (परिच्छेद २४).

शिक्षा लागते ती ताकीद दिल्यावरही हट्टानं नाकारत राहिल्यास. जुन्या पुस्तकांत यासाठी कॅनन १३७१ दिसेल; ८ डिसेंबर २०२१ पासून लागू झालेल्या सुधारित भागात तो १३६५ आहे. जुना आकडा वर्गात सांगू नका.

छापखाना

रोमवर बरंच झालं, जरा घरी या. मुलांच्या डोक्यात मॅजिस्टेरियम म्हणजे फक्त पोप. प्रत्यक्षात त्यांच्या रोजच्या आयुष्यात जो अधिकृत गुरू आहे तो त्यांच्या धर्मप्रांताचा बिशप. कॅनन ७५३: एकटा बिशप किंवा एखाद्या देशाची बिशप-परिषद (वैश्विक परिषद नव्हे) अचूक नसते, पण पोपशी एकजीव असलेला बिशप हा त्याच्या लोकांचा अधिकृत शिक्षक. धर्मग्रामाचे फादर, धर्मशिक्षक, धर्मपंडित, रिट्रीटचे प्रसिद्ध वक्ते हे मॅजिस्टेरियम नव्हेत. ते बिशपच्या वतीनं शिकवतात, किंवा स्वतःचा अभ्यास मांडतात. यूट्यूबवर लाखो लोक ऐकतात म्हणून पायरी बदलत नाही.

बिशप-परिषदेनं श्रद्धेच्या बाबतीत काढलेलं पत्रक अधिकृत शिकवण ठरायचं तर १९९८ च्या ‘आपोस्तोलोस सुओस’ या पोपच्या हुकुमाप्रमाणे सगळ्या बिशपांची एकमुखी मंजुरी लागते, नसेल तर निदान दोनतृतीयांश बहुमत आणि रोमची मान्यता. परिषदेच्या एखाद्या समितीनं काढलेलं निवेदन स्वतःच्या नावावर या पायरीला पोचत नाही.

आता तुमच्या पाठाच्या पुस्तिकेबद्दल, कारण तुम्ही ती छापणार हे दिसतंय. धर्मशिक्षणाच्या पुस्तकाला स्थानिक धर्माधिकाऱ्याची मंजुरी लागते (कॅनन ८२७, परिच्छेद १): लेखकाच्या धर्मप्रांताची किंवा जिथे प्रकाशन होतं तिथली, दोन्हींपैकी एक चालते. क्रम असा. हस्तलिखित चॅन्सरीत, म्हणजे धर्मप्रांताच्या कचेरीत, जातं, नेमलेला परीक्षक वाचून लेखी मत देतो. अडचण नसेल तर त्याचं ‘निहिल ऑब्स्टाट’ (हरकत नाही), मग बिशप किंवा त्यांच्या प्रतिनिधीचं ‘इम्प्रिमातुर’ (छापावं). लेखक धर्मसंघातला असेल तर त्याच्या वरिष्ठांचं ‘इम्प्रिमी पोतेस्त’ वेगळं. या शिक्क्यांचा अर्थ एवढाच, की श्रद्धा आणि नीतीला बाधक काही नाही. पुस्तक चांगलं आहे, बिशपना प्रत्येक वाक्य पटलंय, असा नाही.

हमखास चूक होते ती भाषांतरात. इंग्रजी पुस्तकावर इम्प्रिमातुर आहे म्हणून मराठी भाषांतरावर तोच छापून देतात. कॅनन ८२९ म्हणतं, मंजुरी मूळ मजकुरापुरती. नव्या आवृत्तीला आणि भाषांतराला ती लागू नाही. कारण उघड आहे: भाषांतरातच शिकवण बिघडते. नोव्हेनाच्या पुस्तिका, प्रार्थनापुस्तकं यांनाही स्थानिक धर्माधिकाऱ्याची परवानगी हवी (कॅनन ८२६, परिच्छेद ३), आणि मंजुरी नसलेली धार्मिक पुस्तकं देवळात मांडायची, विकायची किंवा वाटायची नाहीत (कॅनन ८२७, परिच्छेद ४). सणाच्या दिवशी दाराशी वाटल्या जाणाऱ्या पत्रकांपैकी किती यातून सुटतील ते तुम्हीच मोजा.

मिस्साच्या मराठी मजकुराचा मार्ग वेगळा. तो बिशप-परिषदेनं तयार करून मंजूर करायचा आणि रोमनं पक्का करायचा. २०१७ च्या ‘माग्नुम प्रिन्चिपियुम’ या पोपच्या हुकुमानं कॅनन ८३८ मध्ये परिषदेचा वाटा वाढवला. फादरना एखादा शब्द खटकला म्हणून वेदीवर तो बदलण्याची मुभा त्यात नाही.

दर्शनं आणि संदेश यांचं एकाच वाक्यात: खासगी प्रकटीकरण कितीही मान्यता पावलं तरी वरच्या तीनपैकी एकाही स्तरात बसत नाही, आणि १७ मे २०२४ ला आलेल्या नियमांनुसार बिशप आता ‘अलौकिक आहे’ असा निकाल देतच नाहीत; सहा ठरलेल्या निष्कर्षांपैकी सर्वांत अनुकूल तो ‘निहिल ऑब्स्टाट’, म्हणजे हरकत नाही.

शब्दवेल्हाळ

मराठी शब्दांचा प्रश्न राहिला. ‘अस्खलनशील’ भारदस्त वाटतो, पण स्खलन म्हटलं की मराठी कानाला नैतिक घसरण ऐकू येते आणि मुलं ‘पोप पाप करत नाहीत’ असा अर्थ घेतात. पोप पापकबुलीला जातात. ‘अचूक’ वापरायचा तर माणसाला लावू नका, कृतीला लावा: “पोप अचूक आहेत” असं न म्हणता “पोपनी केलेली ही व्याख्या अचूक आहे”. १८७० मध्ये बिशप गासर यांनी परिषदेपुढे तासन्‌तास हेच समजावलं होतं.

त्याहून घातक शब्द ‘ऑथेंटिक’. ‘ऑथेंटिक मॅजिस्टेरियम’चं भाषांतर कुणी ‘अस्सल शिकवण’ असं करतात. मग बाकीची नकली का? लॅटिनमध्ये त्याचा अर्थ अधिकारयुक्त. ‘अधिकृत’ म्हणा, प्रश्न मिटतो. तिसऱ्या स्तरावरच्या ‘ओब्सेक्वियुम’ला नुसतं ‘आज्ञापालन’ म्हटलं तर फार होतं आणि नुसतं ‘आदर’ म्हटलं तर फार कमी. ‘आदरपूर्वक संमती’ जवळ जातं. तरी पहिल्या स्तराची ‘श्रद्धेची संमती’ शेजारी लिहूनच शिकवा, नाहीतर दोन्ही संमती एकच वाटतात.

आणि दीड तासातला शेवटचा अर्धा तास चिठ्ठ्यांना ठेवा. प्रत्येक गटाला पाच चिठ्ठ्या: १५ ऑगस्टचा मरियेचा सण कशामुळे, याजकदीक्षा फक्त पुरुषांना, संततिनियमनावरची एन्सायक्लिकल ‘हुमाने व्हिते’ (१९६८), विमानातलं “मी कोण न्याय करणारा” (२०१३), नोव्हेनाच्या पुस्तिकेतलं ‘नऊ दिवसांत फळ नक्की’. उत्तरं अनुक्रमे पहिला स्तर, दुसरा, तिसरा, स्तरच नाही, आणि इम्प्रिमातुर दाखवा. तिसऱ्या चिठ्ठीवर भांडण होईल, कारण ‘हुमाने व्हिते’ प्रसिद्ध करताना रोमच्याच प्रवक्त्यानं ती अचूक घोषणा नाही असं सांगितलं होतं, आणि पुढे काही धर्मपंडितांनी तिची मूळ शिकवण जगभरच्या बिशपांच्या सामान्य शिकवणीतून अचूक ठरते असं मांडलं. भांडू द्या. फक्त दुसऱ्या स्तरावर ठेवणाऱ्या गटाला कॅनन ७४९ चा परिच्छेद ३ वाचायला द्या, आणि ‘पटलं तर घ्या’ म्हणणाऱ्या गटाला ७५२.